न्यू ऑर्लिन्सच्या चार्टर शाळा : श्रेणीपलीकडची तुलना

अमेरिकेतील बहुतेक शहरांत मूल कोणत्या सरकारी शाळेत जाणार हे त्याच्या घराच्या पत्त्यावरून ठरते, आणि म्हणून चांगल्या शाळेच्या हद्दीत घर घेण्याची ऐपत हीच पालकांची खरी निवड असते. लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स हे शहर या रीतीला मोठा अपवाद आहे. 2005 च्या कॅटरिना वादळानंतर तेथील सरकारी शाळा एकामागून एक स्वतंत्र संस्थांच्या हाती गेल्या, पत्त्याशी बांधलेली हद्द पुसली गेली, आणि शाळामंडळाने थेट चालवलेली शेवटची शाळाही 2019 मध्ये करारावर दिल्यानंतर, मंडळाच्या सर्वच शाळा चार्टर पद्धतीने चालवणारे ते अमेरिकेतील पहिले मोठे शहर ठरले. तेथील पालकाला शहरभरातल्या अनेक शाळांची तुलना करून पसंतीक्रम लावावा लागतो, आणि त्या तुलनेला आधार म्हणून राज्य सरकार प्रत्येक शाळेला ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत एक इंग्रजी अक्षर देते. हे अक्षर वाचायला सोपे आहे. पण शाळेत कोणाला प्रवेश मिळतो, कोण मध्येच बाहेर पडते, मुले किती दुरून येतात आणि तक्रार असल्यास पालकाने कोणाकडे जायचे, हे त्या अक्षरात मावत नाही, आणि एका शाळेचा दुसरीपासूनचा खरा फरक बहुधा याच गोष्टींत असतो.

करारावर चालणारी शाळा

चार्टर म्हणजे सार्वजनिक अधिकारी संस्था आणि शाळा चालवणारे विश्वस्त मंडळ यांच्यातला मुदतीचा करार. शाळा सरकारी पैशावर चालते, शुल्क घेत नाही आणि कोणत्याही धर्माचे शिक्षण देत नाही. मात्र शिक्षकांची नेमणूक, वेळापत्रक, अभ्यासक्रमाची मांडणी आणि अंदाजपत्रक यांचे निर्णय तिचे विश्वस्त घेतात आणि त्या मोकळिकीच्या बदल्यात ठरावीक वर्षांनी निकालांच्या आधारे कराराचे नूतनीकरण होते किंवा होत नाही. महाराष्ट्रातील वाचकाला हे वर्णन आपल्या अनुदानित शाळेसारखे वाटेल, कारण तेथेही पगार सरकारचा आणि व्यवस्थापन संस्थेचे असते. परंतु अनुदानित शाळेतील शिक्षकाच्या नोकरीला 1977 च्या सेवाशर्ती कायद्याचे संरक्षण आहे आणि संस्थेला दर काही वर्षांनी आपले अस्तित्व सिद्ध करावे लागत नाही, तर चार्टर शाळेत या दोन्ही बाबी नेमक्या उलट आहेत.

ही कल्पना देशभर पोचवण्याचे श्रेय अमेरिकेतील एका मोठ्या शिक्षक संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांच्या 1988 मधील भाषणाला दिले जाते. शिक्षकांनीच छोट्या प्रयोगशील शाळा चालवाव्यात असे त्यांच्या मनात होते. पुढे ही कल्पना ज्या दिशेने गेली तिचे ते स्वतः टीकाकार झाले. पहिला कायदा 1991 मध्ये मिनेसोटाने केला, लुइझियानाने 1995 मध्ये. पण एखाद्या शहराची संपूर्ण शालेय व्यवस्थाच या पायावर उभी राहील असे त्या वेळी कोणाला वाटले नव्हते.

पुराआधीचे शहर

29 ऑगस्ट 2005 रोजी वादळ आले, बंधारे फुटले आणि शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. त्याआधी तेथील सरकारी शाळांत सुमारे 65,000 मुले शिकत होती, त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि गरीब घरांतील होती, आणि राज्याच्या परीक्षांत शहराचा क्रमांक अगदी तळाला होता. शाळामंडळाचा कारभार इतका ढासळला होता की केंद्रीय तपास यंत्रणेला मंडळाच्या इमारतीतच आपले पथक बसवावे लागले होते. ही बाजू लक्षात घेतली नाही तर पुढे जे घडले ते केवळ संधिसाधूपणा वाटेल, आणि तसे मानणे त्या काळी शाळांत शिकलेल्या मुलांवर अन्याय करणारे ठरेल.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून, राज्याच्या सरासरीपेक्षा कमी गुण असलेल्या शहरातील शंभराहून अधिक शाळा स्थानिक मंडळाकडून काढून राज्याच्या ‘रिकव्हरी स्कूल डिस्ट्रिक्ट’ या यंत्रणेकडे सोपवल्या. शहर अजून रिकामे होते. ज्यांच्या शाळा होत्या ते लोक ह्यूस्टन, अटलांटा, बॅटन रूज येथे विखुरले होते. पाठोपाठ सात हजारांहून अधिक शिक्षक आणि कर्मचारी कामावरून काढले गेले. त्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया बहुसंख्येने होत्या, आणि त्यांच्या पगारावर शहरातील कृष्णवर्णीय मध्यमवर्गाचा मोठा भाग उभा होता. त्यांनी लढवलेला खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात 2014 मध्ये त्यांच्या विरोधात गेला. गुणांचे आलेख कितीही वर गेले तरी या निर्णयाची सल त्या शहरातून गेलेली नाही, आणि ती जावी अशी अपेक्षा करणेही योग्य नाही.

शहराच्या शालेय इतिहासात असे घाव आधीही आहेत. रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी 14 नोव्हेंबर 1960 रोजी केंद्रीय मार्शलांच्या संरक्षणात ज्या विल्यम फ्रँट्झ प्राथमिक शाळेत शिरली, त्या वास्तूत पुढे अकिली अकॅडमी ही चार्टर शाळा सुरू झाली. ज्या शाळेत तिला प्रवेश मिळावा म्हणून न्यायालयाचा आदेश लागला, तिचा प्रवेश पुढे संगणकीय सोडतीने ठरू लागला.

प्रवेशाची वाट

सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक शाळेचा अर्ज वेगळा, मुदत वेगळी आणि सोडतही वेगळी होती. ज्या आईला दोन नोकऱ्या करून पाच शाळांचे उंबरे झिजवणे शक्य नव्हते, तिच्यासाठी निवडीचे स्वातंत्र्य कागदावरच राहिले. शिवाय जागा शिल्लक नाही असे सांगून नकोशा मुलाला परत पाठवणे शाळेला सहज शक्य होते. हुरिया जब्बर या संशोधिकेने शहरातील 30 शाळांचा अभ्यास केला तेव्हा सुमारे एक तृतीयांश मुख्याध्यापकांनी, आपण मुले निवडण्याचे किंवा वगळण्याचे काही ना काही मार्ग वापरतो, असे मान्य केले. जागा शिल्लक असूनही त्यांची जाहिरात न करणे, ठरावीक वस्त्यांतच प्रचार करणे, अमुक मुलासाठी दुसरी शाळा बरी असा सल्ला देणे, असे ते मार्ग होते, आणि त्यांतला एकही गुणपत्रिकेत दिसत नाही.

या अनुभवातून 2012 मध्ये ‘वनअ‍ॅप’ ही एकत्रित प्रवेशपद्धती सुरू झाली. आता तिचे नाव बदलले आहे. महाराष्ट्रात अकरावीची केंद्रीय प्रवेशप्रक्रिया किंवा शिक्षणहक्क कायद्याखालील 25 टक्के जागांची ऑनलाइन सोडत ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना तिचा सांगाडा ओळखीचा वाटेल. पालक एकाच अर्जात शाळांचा पसंतीक्रम देतो. प्रत्येक मुलाला सोडतीचा एक क्रमांक मिळतो. भावंड त्याच शाळेत असणे, घर जवळ असणे अशा कारणांनी काही मुलांना अग्रक्रम मिळतो. आणि मग संगणक मुलाला त्याच्या पहिल्या पसंतीच्या शाळेत तात्पुरती जागा धरून ठेवतो, त्याच्यापेक्षा वरच्या अग्रक्रमाचे मूल आल्यास ती जागा सोडवून त्याला पुढच्या पसंतीकडे नेतो, आणि कोणतीही अदलाबदल उरत नाही तोवर हे चक्र चालू राहते. पहिल्या वर्षी वेगळे गणित वापरले गेले होते, दुसऱ्या वर्षापासून ही रीत आली. तिच्यामागे लॉइड शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांचा सिद्धान्त आहे, ज्यासाठी त्यांना 2012 मध्येच अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिचा सर्वांत मोठा गुण असा की पालकाला डावपेच लढवावे लागत नाहीत. खरी पसंती आहे त्या क्रमाने लिहिली तर त्याचे नुकसान होत नाही.

अकरावीच्या प्रवेशात गुण निर्णायक असतात, येथे ते नसतात, आणि याच ठिकाणी न्यू ऑर्लिन्सच्या तुलनेतील मोठी गोम आहे. शहरातील काही नामांकित चार्टर शाळा मुळात प्रवेशपरीक्षेच्या होत्या. लेक पाँचरट्रेनच्या काठाजवळील बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूल परीक्षेचे गुण पाहून मुले घेते. अपटाउन या सधन भागातील लशर शाळेत, जिचे नाव वर्णभेदाचा पुरस्कार करणाऱ्या अधिकाऱ्यावरून असल्यामुळे 2022 मध्ये बदलून विलो केले गेले, प्रवेशासाठी चाचणी असे, आणि तुलेन विद्यापीठाने वादळानंतर केलेल्या मदतीमुळे तेथील कर्मचाऱ्यांच्या मुलांना वेगळा अग्रक्रमही मिळे. अशा शाळा अनेक वर्षे एकत्रित अर्जाच्या बाहेर राहिल्या. त्यांची ‘ए’ श्रेणी खोटी नाही, तेथील शिक्षण उत्तमच आहे. पण सोडतीने येईल त्या मुलाला घेणाऱ्या, वर्षाच्या मध्यावरही नवा प्रवेश देणाऱ्या शाळेच्या ‘सी’शी त्या ‘ए’ची तुलना करणे म्हणजे निवडून घेतलेल्या मुलांची न निवडलेल्या मुलांशी तुलना करणे आहे, आणि त्यातून शाळेच्या कामाबद्दल फार थोडे कळते.

‘ए’ ते ‘एफ’

श्रेणी ठरवताना राज्य मुख्यतः परीक्षेचे गुण मोजते आणि हायस्कूलच्या बाबतीत किती मुलांनी शिक्षण पूर्ण केले हेही धरते. अलीकडच्या वर्षांत मुलाची वर्षभरातील प्रगती हा घटक आला, आणि तो आल्यामुळे गरीब वस्तीत चांगले काम करणाऱ्या शाळांना थोडा न्याय मिळू लागला. तरीही निकालावर शाळेचे अस्तित्व अवलंबून असले की निकालाची नोंदच बिघडण्याचा धोका असतो. 2019 मध्ये जॉन एफ. केनेडी हायस्कूलमध्ये पदवीदान समारंभ पार पडल्यानंतर असे उघड झाले की मंचावरून गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ निम्मे प्रमाणपत्रास पात्रच नव्हते, कारण गुण आणि अभ्यासक्रमांच्या नोंदी नीट ठेवलेल्या नव्हत्या. मुले महाविद्यालयात जाण्याच्या तयारीत असताना त्यांना उन्हाळी वर्गात बसावे लागले. शाळा चालवणाऱ्या संस्थेने नंतर आपले करार सोडून दिले. मुलांचे मात्र वर्ष गेले.

या सर्व दोषांसह एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी, ती म्हणजे शहराची एकूण प्रगती खरी आहे. तुलेन विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ डग्लस हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वादळाचा फटका बसलेल्या इतर जिल्ह्यांशी काळजीपूर्वक तुलना केली, तेव्हा मुलांचे गुण लक्षणीय वाढल्याचे, हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण 3 ते 9 टक्केबिंदूंनी आणि महाविद्यालयात जाणाऱ्यांचे 8 ते 15 टक्केबिंदूंनी वाढल्याचे त्यांना आढळले. शिक्षणातल्या सुधारणांनी सहसा इतका मोठा फरक पडत नाही. मात्र हा फरक कशामुळे पडला, याचे त्यांनी दिलेले उत्तर शाळाशाळांमधील स्पर्धेच्या भक्तांना आवडणारे नाही. सुधारणेचा मोठा वाटा कमी निकालाच्या शाळा बंद करणे किंवा दुसऱ्या संस्थेकडे देणे, या सरकारी निर्णयांचा होता. पालक शाळा सोडून जातील या भीतीने शाळा आपोआप सुधारल्या असे चित्र दिसले नाही. बंद झालेल्या शाळेतील मुले अधिक चांगल्या शाळेत गेली तेव्हाच त्यांचा फायदा झाला. शेजारच्या बॅटन रूजमध्ये तसे घडले नाही आणि तेथे शाळा बंद होण्याने मुलांचे नुकसान झाले.

पहाटेची बस आणि बँड

पत्त्याची हद्द गेली तेव्हा अंतर वाढले. सकाळी उजाडण्यापूर्वी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर दप्तर घेतलेली मुले उभी असतात आणि एकाच गल्लीतून वेगवेगळ्या शाळांच्या पिवळ्या बस एकामागून एक जातात, कारण प्रत्येक संस्थेचा वाहतुकीचा करार वेगळा आहे. मिसिसिपी नदीपलीकडच्या अल्जियर्समधील मूल नदी ओलांडून मिड-सिटीत येते, न्यू ऑर्लिन्स ईस्टमधील मूल महामार्गाने अपटाउनला जाते, आणि दोघांच्याही घराजवळ दुसरी एखादी शाळा असतेच. बसच्या खर्चातून वाचलेला प्रत्येक डॉलर वर्गात वापरता येतो, हा विचार काही व्यवस्थापनांना मोह घालतो. 2018 मध्ये बसची सोय न देणाऱ्या एका संस्थेविरुद्ध शाळामंडळाला न्यायालयात जावे लागले. ज्या शाळेकडे बस नाही त्या शाळेत मोटार असलेल्या घरांचीच मुले पोचतात, म्हणजे बसची सोय न देणे हीही एक प्रकारची प्रवेशपरीक्षाच असते.

पालक प्रत्यक्षात काय पाहून निवडतात, याचाही अभ्यास झाला आहे. गुणांना महत्त्व आहेच, पण अंतर, धाकट्या-थोरल्याची सोय, शाळा सुटल्यानंतरची देखभाल आणि हायस्कूलच्या बाबतीत बँड आणि फुटबॉल यांनाही मोठे वजन आहे, आणि अगदी कमी उत्पन्नाच्या घरांत ते अधिकच आहे. बाहेरच्या धोरणकर्त्यांना हे ऐकून काही काळ खेद वाटे. वस्तुतः मार्डी ग्रा या उत्सवाच्या दिवसांत मिरवणुकांतून शालेय बँड चालतात तेव्हा शहर त्यांना वस्तीच्या अभिमानाचे धन मानते. वॉरन ईस्टन किंवा एडना कार या हायस्कूलांची ओळख पिढ्यान्‌पिढ्या घरात सांगितली जाते. वाद्य शिकवणारा गुरू, तालमीची शिस्त आणि आजोबा ज्या शाळेत शिकले तिचा रंग, हे सारे सोळा वर्षांच्या मुलाला शाळेत टिकवून ठेवणारे बळ आहे, आणि त्याला गौण लेखणाऱ्या सुधारकांनी शहराला नीट पाहिलेच नव्हते.

बाहेर जाणारी मुले

वादळानंतर आलेल्या अनेक संस्थांनी अत्यंत कडक शिस्तीचा नमुना आणला. मार्गिकेत आखलेल्या रेषेवरून मौन पाळून चालणे, गणवेशातील लहानशा चुकीबद्दल शिक्षा, आणि वारंवार निलंबन म्हणजे काही दिवसांसाठी शाळेत येण्यास बंदी, असे तिचे स्वरूप होते. या शाळांत शिकवणारे बरेच जण तरुण, बाहेरगावचे आणि श्वेतवर्णीय होते; शिक्षा भोगणारी मुले कृष्णवर्णीय होती. नोव्हेंबर 2013 मध्ये कार्व्हर हायस्कूलच्या आवारातील विद्यार्थी शिस्तीच्या नियमांविरुद्ध मागण्यांचे पत्र देऊन शाळेबाहेर पडले आणि हा प्रश्न शहराच्या चर्चेत आला. त्यानंतर संबंधित संस्थेने निलंबन कमी करण्याच्या दिशेने पावले टाकली.

मुलाला शाळेतून कायमचे काढण्याचा अधिकार 2012 पासून एका मध्यवर्ती सुनावणी कार्यालयाकडे गेला, आणि सर्व शाळांना एकच नियमावली लागू झाली. हा बदल दिसायला छोटा आहे, पण या लेखकाच्या मते शहरातील कोणत्याही सुधारणेपेक्षा तो महत्त्वाचा आहे. कारण काढलेले मूल कोणाचेच राहत नाही अशी जी पोकळी स्वायत्ततेने निर्माण केली होती, ती त्याने भरून काढली. दिव्यांग मुलांच्या बाबतीत तेवढाही मार्ग सहज मिळाला नाही. विशेष गरजांची मुले नाकारली जातात किंवा त्यांना आवश्यक ती मदत मिळत नाही, असा खटला 2010 मध्ये दाखल झाला आणि 2015 मध्ये स्वतंत्र निरीक्षक नेमण्याच्या तडजोडीने मिटला. साठ मुलांची छोटी संस्था आणि हजारो मुलांचे मंडळ यांच्या क्षमतेत फरक असतो: वाचाउपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, व्यवसायोपचार यांची सोय एकट्या शाळेला परवडत नाही, आणि म्हणून अशा मुलाच्या पालकाने शाळांची तुलना करताना अक्षर बाजूला ठेवून, त्या इमारतीत ही माणसे आहेत का, हेच आधी विचारायला हवे.

पैसा कोठे गेला, हेही पाहण्यासारखे आहे. हॅरिस यांच्या संशोधन संस्थेच्या अभ्यासानुसार, तुलनेच्या जिल्ह्यांच्या मानाने न्यू ऑर्लिन्समधील एकूण चालू खर्च 13 टक्क्यांनी वाढला. त्यात प्रशासनावरचा खर्च 66 टक्क्यांनी वाढला, तर प्रत्यक्ष अध्यापनावरचा 10 टक्क्यांनी घटला, कारण प्रत्येक संस्थेचा स्वतंत्र संचालक, लेखापाल आणि कार्यालय आले आणि अनुभवी, म्हणजे महाग, शिक्षक गेले. कृष्णवर्णीय शिक्षकांचे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांवरून 50 टक्क्यांच्या आसपास आले. मॉरिस जेफसारख्या, वस्तीतील पालकांनी उभारलेल्या आणि जाणीवपूर्वक सर्व वर्णांची मुले एकत्र आणणाऱ्या शाळेत शिक्षकांनी 2013 मध्ये संघटना स्थापन केली आणि व्यवस्थापनाने तिला मान्यता दिली. स्वायत्त शाळा आणि शिक्षकांचे हक्क एकत्र नांदू शकतात याचे ते चांगले उदाहरण आहे.

पुन्हा शाळामंडळाकडे

2016 च्या कायद्याने राज्याने ताब्यात घेतलेल्या शाळा स्थानिक, मतदारांनी निवडलेल्या शाळामंडळाकडे परत सोपवल्या आणि ते हस्तांतर जुलै 2018 पर्यंत पूर्ण झाले. मंडळ सहसा स्वतः शाळा चालवत नाही. ते करार देते, तपासते, काढून घेते आणि प्रवेश व हकालपट्टीचे समान नियम सांभाळते. ऑगस्ट 2024 मध्ये मात्र, करार गमावलेल्या एका शाळेच्या जागी मंडळाने लिया चेस यांच्या नावाची शाळा स्वतः चालवायला घेतली. चेस या नागरी हक्क चळवळीच्या काळात आपल्या उपाहारगृहात दोन्ही वर्णांच्या कार्यकर्त्यांना एकत्र बसवणाऱ्या शहराच्या आवडत्या पाककर्त्या होत्या. मंडळाने चालवलेली शाळा बरी की संस्थेने चालवलेली, हा वाद यामुळे संपलेला नाही. पण दोन्ही प्रकार एकाच नियमाखाली शेजारी असणे ही तुलनेसाठी आजवरची सर्वांत प्रामाणिक स्थिती आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाची बीजे पडून गेली आहेत. मुंबई महानगरपालिकेने 2013 मध्ये खासगी भागीदारीचे धोरण स्वीकारले, आणि आकांक्षा फाउंडेशनसारख्या संस्था मुंबई, पुणे आणि नागपूर येथे महापालिकेच्या शाळा चालवतात. तेथे इमारत पालिकेची असते, शुल्क घेतले जात नाही आणि शिक्षक संस्था नेमते. यातील अनेक वर्गांत मनापासून काम होते आणि त्याचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु ज्या शहरात असा करार होईल तेथील नगरसेवकांनी आणि पालकांनी तो सहीला जाण्यापूर्वी चार गोष्टी त्यात लिहून मागाव्यात : प्रवेश कोणत्या नियमाने मिळेल, मध्येच शाळा सोडलेल्या मुलांची कारणांसह नोंद कोण तपासेल, विशेष गरजांच्या मुलासाठी तज्ज्ञ कोठून येईल, आणि संस्था शाळा सोडून गेली तर दुसऱ्या दिवशी त्या मुलांना वर्गात कोण बसवेल.